लळिंगची चढण

धुळ्याहून मालेगावच्या एस.टी.त बसले की अर्ध्या तासाच्या आत लळिंग येते. मुंबई-आग्रा महामार्गाला खेटून डोंगर उभा आहे आणि त्याच्या माथ्यावर तटाच्या तुटक्या ओळी दिसतात. आम्ही लहानपणापासून तो पाहात आलो. मालेगावला लग्नाला जाताना, नाशिकला परीक्षेला जाताना, हजला निघालेल्या नातेवाईकांना मुंबईपर्यंत पोहोचवायला जाताना तो खिडकीत यायचा आणि कोणीतरी वडीलधारे म्हणायचे, "वह देखो, किला." किल्ला कोणाचा, हे आम्ही कधी विचारले नाही. सांगणाऱ्यालाही ते ठाऊक नसावे. आमच्या मोहल्ल्यात लळिंग चढून गेलेला माणूस शोधूनही सापडला नाही.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास आणि भूगोल शिकवतो. शिकवतो म्हणजे पुस्तक पुरे करतो. बी.एड.ला असताना इतिहास अध्यापन पद्धतीच्या तासाला 'जवळून दूर जावे' हे सूत्र आम्ही सुंदर अक्षरात पाठ-टाचणात उतरवले होते आणि त्यावर चांगले गुणही मिळवले होते. नोकरी लागल्यावर ते टाचण ट्रंकेत गेले. मुलांना बगदाद माहीत आहे, कुर्तुबा आणि गरनाता माहीत आहे, दिल्लीचा कुतुबमिनार माहीत आहे. पांझरेच्या काठावर आपण का आहोत आणि केव्हापासून आहोत, हे मात्र त्यांना माहीत नाही. खरे तर आम्हालाही नव्हते.

निमित्त झाले नववीच्या वर्गातल्या एका मुलाचे. नकाशा भरताना त्याने सहज विचारले, "सर, खान्देश का खान कौन था?" वर्गात लगेच शाहरुख, सलमान अशी नावे निघाली. हशा झाला. आम्हीही हसलो आणि तास संपेपर्यंत हसण्याच्या आड लपून राहिलो, कारण उत्तर आमच्याजवळ नव्हते.

मग वाचायला बसलो. 'तारीख-ए-फरिश्ता'चे उर्दू भाषांतर मिळवले, १८८० सालचे खान्देशचे गॅझेटियर चाळले. इतिहासाचार्य राजवाडे ज्या गावात राहिले आणि १९२६ साली जेथे वारले, त्या गावात राहून आपण कधी जुने कागद उलगडून पाहू नयेत, याची शरम त्या महिन्यात पुष्कळ वाटली. जे सापडले ते मुलांना वर्गात सांगता आले असते. पण ज्याच्याविषयी सांगायचे तो माणूस ज्या डोंगरावर राहिला आणि जेथे मेला, तो डोंगर दहा किलोमीटरवर असताना फळ्यावर त्याचे चित्र काढणे आम्हाला बरे वाटले नाही.

शाळेच्या नावाने सहल काढता आली नाही. परवानगीचा अर्ज टेबलावरून टेबलावर फिरला आणि कोठेतरी बसला. शेवटी आम्ही तिघे शिक्षक आणि अकरा मुले असे खासगीत निघायचे ठरले. पालकांच्या सह्या घेतल्या. त्या घेताना जे प्रश्न आले, ते डोंगर उभा आहे काय, साप-विंचू आहेत काय, असे नव्हते. "किल्ल्यावर चाललात, काही गडबड तर होणार नाही ना?" असे होते. धुळ्याने २००८ आणि २०१३ ही साले पाहिली आहेत. आईबाप विचारणारच. एका मुलाच्या अम्मीने सही केली आणि वर सांगितले, "टोपी घर पे रख के जाना." मुलाने टोपी खिशात ठेवली.

शब-ए-बरात होऊन गेली होती, रमजानला थोडे दिवस उरले होते. माघ सरत आला होता. खान्देशात वसंत म्हणजे काही हिरवाई नव्हे. गवत वाळून पिवळे पडलेले, सालईची झाडे उघडी, जमीन भेगाळायला लागलेली, आणि या सगळ्यात मध्येच एखादा पळस पेटल्यासारखा लाल. सकाळी हवा गार असते आणि दहा वाजल्यानंतर ऊन पाठीत शिरते. म्हणून फजरची नमाज पढून लगेच निघालो. टोलनाक्याच्या अलीकडे उतरलो तेव्हा सूर्य नुकता वर येत होता आणि ट्रकच्या रांगा धूर सोडत उभ्या होत्या.

लळिंग गाव पायथ्याशी आहे. गावात महादेवाचे जुने हेमाडपंती देऊळ आहे, काळ्या दगडाचे, चुन्याशिवाय रचलेले. ते पाहून मुले थांबली. किल्ल्याच्या कोणत्याही सुलतानापेक्षा हे देऊळ जुने आहे, हे आम्ही त्यांना तेथेच सांगितले. या घाटाखाली वस्ती, वाट आणि व्यापार आधीपासून होता म्हणून तर येथे किल्ला मोलाचा ठरला. तापीखोऱ्यातून दक्षिणेकडे उतरणाऱ्याला याच डोंगराच्या नजरेखालून जावे लागे.

देवळाजवळ तीन-चार तरुण बसलेले होते. त्यांतल्या एकाने कोठून आलात, किती जण आहात, कशासाठी चाललात असे विचारले. आम्ही शाळेचे नाव सांगितले, मुलांना इतिहास दाखवायचा आहे म्हणालो. त्याने मोबाईल काढला आणि आमचा सगळ्यांचा फोटो घेतला. "असू द्या, रेकॉर्डला," म्हणाला. आवाजात राग नव्हता. तरीही पुढची दहा मिनिटे मुले गप्प चालली आणि आम्हीही गप्प होतो. शेळ्या घेऊन चाललेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी ती शांतता मोडली. आमच्या पाण्याच्या बाटल्यांकडे पाहून ते म्हणाले, "वर पानी शे, पन पेवा जोगं नही. भरी ल्या." आमच्या मुलांना अहिराणी चांगली कळते. त्यांच्या घरच्या उर्दूतही ती मुरलेली आहे. मुलांनी गावातल्या नळावर बाटल्या काठोकाठ भरल्या.

चढण सुरुवातीला सोपी वाटते. बाभळी, बोरी, निवडुंग यांच्यातून पायवाट जाते. मग एकाएकी डोंगर उभा होतो. मुरूम सुटा, त्यावर वाळलेले गवत. पाय ठेवला की दोन बोटे मागे घसरतो. आम्ही तिघे तिशीतलेच, पण खडू आणि खुर्ची यांनी आमचे काय करून ठेवले आहे ते त्या घसाऱ्यावर कळले. मुले पुढे निघून गेली आणि वरून हाका मारू लागली. दर पन्नास पावलांवर थांबायचे, गुडघ्यावर हात ठेवून श्वास घ्यायचा. अशा थांब्यांवर आम्ही इतिहास सांगितला. वर्गात जे चाळीस मिनिटांत संपते त्याला डोंगरावर तीन तास लागतात, आणि ते बरेच असते.

पहिल्या थांब्यावर मलिक राजा. फरिश्ता सांगतो की फिरोजशहा तुघलक शिकारीत साथीदारांपासून चुकला, भुकेला झाला, आणि हलाखीत दिवस काढणाऱ्या मलिक राजाने आपल्याजवळचे होते ते त्याला खाऊ घातले. ही हकिगत खरी असो वा सजवलेली, १३७० साली त्याला थाळनेर आणि करवंद यांची जहागीर मिळाली एवढे पक्के. थाळनेर आजच्या शिरपूर तालुक्यात तापीच्या काठी आहे. दिल्लीची पकड सुटली तसा तो स्वतंत्र झाला. आपला वंश हजरत उमर फारूक यांच्यापर्यंत जातो असे हे घराणे सांगे, म्हणून ते फारुकी. मलिक राजा खुलताबादच्या शेख जैनुद्दीन शिराजी यांचा मुरीद होता. पीराकडून मिळालेला खिरका या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या वारशाने जात राहिला. १३९९ साली तो वारला तेव्हा मुलूख दोन मुलांत वाटला गेला होता. धाकट्या इफ्तिखारला थाळनेर, थोरल्या नसीरला लळिंग.

"म्हणजे मोठ्याला डोंगर आणि छोट्याला नदी?" एका मुलाने विचारले. घरात वाटणी पाहिलेला मुलगा होता. आम्ही हो म्हणालो. खरोखरच, चांगली जमीन, घाट आणि बाजार तिकडे होता. इकडे खडक आणि पहारा. नसीरच्या मनात ते सलत राहिले असावे असे पुढच्या हकिगतीवरून वाटते.

दुसरा थांबा थोडा लांबला. एका मोठ्या खडकाच्या सावलीत बसून आम्ही आशा अहिराची गोष्ट सांगितली. ही गोष्ट सांगावी की नाही, यावर आदल्या रात्री आम्हा तिघांत वाद झाला होता. एकाचे म्हणणे असे की, मुलांना पहिल्यांदाच आपल्या मातीतला एक राजा भेटतो आहे, तर पहिल्याच भेटीत त्याचे वाईट कशाला दाखवायचे? लोक आधीच कमी बोलतात काय? दुसरे मत असे की, जे आपण लपवू ते मुलांना उद्या दुसरा कोणी सांगेल, आणि तो ते आपल्यासारखे सांगणार नाही. शेवटी सांगायचे ठरले.

सातपुड्यात, आजच्या बुऱ्हाणपूरजवळ, असीरचा डोंगर आहे. तेथे आशा नावाचा अहीर जमीनदार राहत असे. फरिश्ता त्याचे वर्णन मोठ्या आपुलकीने करतो. हजारो गाई-म्हशी आणि मेंढ्या, भरलेली धान्याची कोठारे. आणि दुष्काळ पडला तेव्हा त्याने ती कोठारे भुकेल्या लोकांसाठी उघडली. मलिक राजाच्या घराण्याशी त्याचा सलोखा होता. नसीरने लळिंगहून त्याला निरोप पाठवला की, शत्रूंनी मला घेरले आहे, थाळनेर भावाच्या हातात आहे, लळिंग वैऱ्यांच्या तोंडाशी आहे. माझ्या घरच्या बायका-मुलांना तुझ्या किल्ल्यात आसरा दे. आशाने दिला. पहिल्या खेपेस डोल्यांतून खरोखर स्त्रिया गेल्या. आशाच्या घरच्या बायकांनी त्यांची विचारपूस केली. दुसऱ्या खेपेस दोनशे डोल्या आल्या. आशा आपल्या मुलांना घेऊन स्वागताला पुढे आला. डोल्यांतून सशस्त्र शिपाई बाहेर पडले आणि त्यांनी बापासह सगळ्या मुलांना कापून काढले. हे घडले ते साधारण १४०० च्या सुमारास. असीरगड फारुकींचा झाला तो असा.

मुले काही बोलली नाहीत. मग खान कोण असे विचारणारा तोच मुलगा म्हणाला, "सर, यह तो धोखा हुआ." आम्ही म्हणालो, "हो, धोखा हुआ."

इतिहासाचा शिक्षक म्हणून त्यात थोडी पुस्ती जोडणे भाग होते. फरिश्ता हे लिहितो ते घटनेनंतर दोनशे वर्षांनी. डोल्यांत शिपाई लपवून किल्ला घेतल्याची हीच गोष्ट शेरशहाने १५३८ साली रोहतास घेतला त्याविषयीही सांगतात. अशा गोष्टी एका किल्ल्यावरून दुसऱ्यावर जातात. या हकिगतीला जोडून आणखी एक गोष्ट येते की, असीर घेतल्यावर शेख जैनुद्दीन स्वतः नसीरला भेटायला आले. त्याने जहागिरी देऊ केली, पण शेखांनी एवढेच मागितले की, आमच्या मुर्शिदांच्या, बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या नावाने तापीच्या या काठी शहर वसव आणि त्या काठी आमच्या नावाने. त्यातून बुऱ्हाणपूर आणि जैनाबाद वसले. गोष्ट गोड आहे, पण शेख जैनुद्दीन १३६९ सालीच खुलताबादेत वारले होते. तारखा जुळत नाहीत. आम्ही मुलांना हेही सांगितले आणि विचारले, मग आता काय म्हणायचे? एकाने सांगितले, पीरसाहेबांची गोष्ट खोटी असेल तर डोल्यांचीही खोटी असेल. दुसरा म्हणाला, नको, आपल्याला जी आवडत नाही तेवढीच खोटी कशी म्हणायची? हा मुलगा गणितात दोनदा नापास झालेला आहे. त्या दिवसापासून आम्ही त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतो.

तटाच्या खाली शेवटचा टप्पा सगळ्यात उभा. येथे हात टेकूनच चढावे लागले. एका मुलाची चप्पल घसाऱ्यावरून खाली गेली आणि ती आणायला दोघे उतरले, त्यात अर्धा तास गेला. वरून एक ससाणा गिरक्या घेत होता. महामार्गाचा आवाज आधी भोंग्यांसारखा होता, मग घरघर झाला, मग वारा लागला आणि तोही मिटला. वर पोहोचलो तेव्हा दुसरे कोणी नव्हते. इतकी शांतता आमच्या मुलांनी आयुष्यात ऐकली नसावी. एक जण चक्क कुजबुजत बोलू लागला.

वर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, शेवाळलेली. बाबा म्हणाले ते खरे होते. पडकी तटबंदी, इमारतींचे अवशेष, आणि ललिता देवीचे छोटे ठाणे. उत्तरेला धुळे शहर आणि पांझरेचे खोरे पसरलेले. मुले आपापले मोहल्ले शोधू लागली. खालच्या कुरणात लांडोर बंगला आहे. १९३७ च्या ३१ जुलैला बाबासाहेब आंबेडकर तेथे मुक्कामाला होते आणि दरवर्षी त्या दिवशी तेथे मेळा भरतो, हे मुलांना ठाऊक होते. त्यांच्या वर्गमित्रांचे नव्हे, पण शेजारच्या वस्तीतले लोक जातात. आपल्या जागा लक्षात कशा ठेवाव्यात, हे आम्ही त्या लोकांकडून शिकावे.

तटाच्या आडोशाला बसून भाकरी आणि चटणी खाल्ली आणि उरलेली गोष्ट सांगितली. नसीरने असीर घेतले, तरी थाळनेरचे त्याच्या डोक्यातून गेले नाही. १४१७ साली माळव्याच्या सुलतानाची मदत घेऊन त्याने धाकट्या भावाकडून थाळनेर घेतले आणि त्याला कैदेत टाकले. पुढे गुजरातच्या सुलतानाशी तंटा झाला, नसीर नमला, आणि अहमदशहाने त्याला 'खान' ही पदवी मान्य केली. खान्देश हे नाव या खानावरून पडले असे एक मत आहे. कान्हदेश म्हणजे कृष्णाचा देश, असे सांगणारेही आहेत. आम्ही दोन्ही सांगितली. अकबराने १६०१ च्या जानेवारीत असीरगड घेतला आणि शाहजादा दानियालच्या नावावरून मुलखाला दानदेश म्हणायचे फर्मान निघाले. कागदावर काही दिवस चालले, लोकांच्या तोंडी बसले नाही. पुढे इंग्रजांनी १९०६ साली जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे केले आणि स्वातंत्र्यानंतर सरकारी नकाशावरून खान्देश हे नावच गेले. आज ते आहे ते मिठाईच्या दुकानांवर, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांवर आणि शेव-भाजी विकणाऱ्या गाड्यांवर.

ज्या भावाला हाकलले त्याचे वंशज गुजरातेत वाढले. नसीरचा वंश खुंटला तेव्हा, १५०९ च्या सुमारास, त्यांतलाच एक जण गुजरातच्या महमूद बेगड्याच्या बळावर खान्देशच्या गादीवर आला आणि पुढचे सगळे फारुकी सुलतान त्या शाखेचे. बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत या घराण्याची वंशावळ दगडात कोरली आहे, आणि ती संस्कृतात आहे. विक्रम संवत १६४६, शके १५११ असे वर्ष त्यात दिले आहे. मशिदीत, मेहराबीजवळ, अरबीच्या सोबतीने संस्कृत. हे सांगितल्यावर मुलांनी आमच्याकडे अविश्वासाने पाहिले. बुऱ्हाणपूरला न्यायचे आम्ही कबूल करून बसलो आहोत.

नसीरचा शेवट या डोंगरावर झाला, आणि तो कशामुळे झाला हे सांगताना आम्हाला वर्गापेक्षा मोकळे वाटले. त्याची मुलगी बिदरच्या बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमदला दिली होती. सुलतानाने कोकणातल्या संगमेश्वरच्या राजाच्या मुलीशी निकाह केला, तिचे नाव जेबा चेहरा ठेवले, आणि तिच्यात इतका गुंतला की खान्देशच्या बेगमेने बापाला तक्रार लिहिली. बापाने वऱ्हाडावर स्वारी केली. वऱ्हाडातले काही सरदार त्याला येऊन मिळाले. हा फारुकी आहे, खलिफा उमरचा वंशज आहे, याच्यासाठी मेलो तर शहीद होऊ, असे ते म्हणत, असे फरिश्ता लिहितो. समोरचे सैन्यही कलमा पढणारेच होते. सासरा-जावयाच्या भांडणाला शहादतीचे नाव देणारी माणसे तेव्हाही होती.

बिदरहून चालून आला तो खलफ हसन बसरी, मलिक-उत-तुज्जार, म्हणजे व्यापाऱ्यांचा सरदार. इराकातून आलेला परदेशी. त्याने अट घातली की, माझ्याबरोबर दख्खनी आणि हबशी सरदार नकोत, फक्त आमचे आफाकी द्या. सुलतानाने दिले. आजच्या बुलढाणा जिल्ह्यात रोहिणखेडला नसीर हरला, पळून बुऱ्हाणपूरला आला. बसरीने बुऱ्हाणपूर लुटले. नसीर लळिंगला, आपल्या पहिल्या घरी, येऊन चढला. बसरी पाठोपाठ आला. नसीर खाली उतरून लढला, पुन्हा हरला, आणि त्याच वर्षी, १४३७ साली, येथेच वारला. त्याला थाळनेरला बापाजवळ पुरले. बसरी विजयी होऊन बिदरला परतला तेव्हा सुलतानाने हुकूम काढला की, दरबारात आफाकी उजव्या हाताला बसतील आणि दख्खनी, हबशी डाव्या हाताला. ही डावी-उजवी पुढे इतकी वाढली की, १४८१ साली महमूद गवानसारखा वजीर बनावट पत्रावर मारला गेला आणि बहमनी राज्याच्या चिरफळ्या झाल्या. ज्या पडक्या भिंतीला टेकून आम्ही चटणी-भाकरी खाल्ली, तेथे झालेल्या एका पराभवाचे हे देणे. पाठ्यपुस्तकात बहमनी राज्य फुटले एवढे एक वाक्य असते.

येथे ब्रिग्जची आठवण निघाली. १८१८ साली इंग्रजांनी मुलूख घेतला तेव्हा कॅप्टन जॉन ब्रिग्ज खान्देशचा पहिला पोलिटिकल एजंट म्हणून आला आणि त्याने धुळे हे मुख्य ठाणे केले. हाच तो ब्रिग्ज, ज्याने फरिश्त्याचे इंग्रजी भाषांतर केले. १८१७ च्या नोव्हेंबरात पुण्याच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला त्यात त्याची पुस्तके आणि हस्तलिखिते गेली होती. धुळ्यानंतर पुष्कळ वर्षांनी, १८२९ साली, चार खंड छापून निघाले. धुळ्यात असताना त्याला रोज हा डोंगर दिसत असणार. नसीरखानाच्या मृत्यूचे पान भाषांतरित करताना त्याला तो आठवला असेल काय, हे विचारण्यात अर्थ नाही. आम्हाला मात्र तो दोनशे वर्षे दिसत होता आणि आम्ही पान उघडले नव्हते.

एक वाजत आला होता. जोहरची वेळ झाली. एका मुलाने खिशातून टोपी काढली आणि आमच्याकडे पाहिले. टाक्यातले पाणी वजूला चालले असते, आणि वर सपाट जागाही होती. आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिले. सकाळी काढलेला फोटो तिघांच्याही डोळ्यांपुढे होता. सहाशे वर्षांपूर्वी येथे जोहर पढली गेली असेल, हे आम्ही तासभर आधी स्वतःच सांगितले होते. मग आमच्यापैकी एकाने घड्याळ पाहून सांगितले, "वेळ बरीच आहे, घरी पोहोचून पढू." मसल्याच्या दृष्टीने ते बरोबर होते. मुलाने टोपी परत खिशात ठेवली आणि काही विचारले नाही. इतर अकरा शंका विचारणारी ही मुले. ही एक त्यांनी विचारली नाही, याचेच आम्हाला वाईट वाटले.

उतरताना गुडघे बोलू लागले. घसाऱ्यावर मुले बसून घसरत आली आणि विजारींची वाट लावून घेतली. पळसाची फुले कोणीतरी रुमालात बांधून घेतली, घरी रंग करून पाहायला. देवळाजवळ सकाळचे तरुण नव्हते. बाबा भेटले, त्यांनी पाणी पुरले काय ते विचारले. रस्त्यावर उन्हात पाऊण तास उभे राहिल्यावर एस.टी. मिळाली.

दुसऱ्या आठवड्यात मुलांना 'मेरा सफर' या विषयावर एक पान लिहायला सांगितले. बहुतेकांनी चप्पल, ससाणा आणि भाकरी यांविषयी लिहिले, ते योग्यच होते. गणितात नापास होणाऱ्या मुलाने नसीरखानाविषयी दोनच ओळी लिहिल्या होत्या. बाकी सगळे पान आशा अहिराविषयी होते: त्याच्या गाई, त्याची कोठारे, दुष्काळात कोणाकोणाला त्याने जेवू घातले, स्वागताला येताना त्याने मुलांना बरोबर का आणले असेल. आशा हे नाव त्याने अलिफऐवजी ऐन आणि सुआदने लिहिले होते, म्हणजे असा, मूसा अलैहिस्सलाम यांच्या हातातली काठी. आम्ही लाल शाईने ते दुरुस्त केले आणि दहापैकी नऊ गुण दिले.